हाड जुळेपर्यंतची सोबत
(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



अहवालवर्षाचा जमाखर्च आणि ताळेबंद आपल्यासमोर ठेवून झाला आहे. अध्यक्षांच्या अनुमतीने आता थोडा वेळ एका वेगळ्या विषयासाठी मागत आहे. मागील सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी मला प्रश्न विचारला होता. मोडलेले हाड जुळवण्यासाठी बसवलेले आणि काम झाल्यावर शरीरातच विरघळून जाणारे धातूचे स्क्रू आता निघाले आहेत, असे त्यांच्या वाचनात आले होते. "दुसरी शस्त्रक्रिया टळत असेल, तर आपल्या जंगलातल्या रुग्णांसाठी ते का आणत नाही? पैशांचीच अडचण असेल तर तसे सांगा," असे ते म्हणाले. प्रश्न सरळ होता आणि त्यामागील औदार्य मोठे होते. मी अभ्यास करून उत्तर देईन, असा शब्द दिला होता. आज तो पाळत आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हयात खतावण्यांत आणि पावत्यांत गेली. धातुशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे बसून, पुन्हा पुन्हा विचारून जे समजले, ते मी माझ्या भाषेत सांगणार आहे. त्यांनी मजकूर तपासून दिला आहे. तरीही काही उणे राहिले असेल, तर तो दोष माझा.

प्रथम त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी बोलतो, कारण तिची खरी किंमत आपल्या हिशेबाच्या वहीत कोठेच दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी भामरागडच्या पलीकडील एका पाड्यावरून नऊ वर्षांचा मुलगा आपल्याकडे आणला गेला. आंब्याच्या झाडावरून पडून मांडीचे हाड मोडले होते. आपल्या डॉक्टरांनी दोन लवचीक सळया घालून हाड जुळवले. मुलगा बरा झाला, काठी टाकून चालू लागला. घरी जाताना वडिलांना सांगितले होते की, सहा महिने ते वर्षभरात परत या, सळया काढाव्या लागतील. वाढत्या वयाच्या मुलाच्या हाडात त्या कायमच्या ठेवणे बरे नसते. वडिलांनी मान डोलावली. आणि ते परत आले ते तब्बल तीन वर्षांनी.

मला राग आला होता, हे कबूल करतो. आपल्या परिचारिकाताईंना माडिया येते. त्यांच्यामार्फत मी त्यांना विचारले, "तुम्हाला तारीख लिहून दिली होती, मग एवढा उशीर का केलात?" ते गृहस्थ शांतपणे सांगू लागले. पहिल्या हिवाळ्यात धान कापणीला आले होते आणि घरात बाळंतपण होते. उन्हाळ्यात मोहफुले आणि मग तेंदूपत्ता; वर्षाची रोकड त्याच दिवसांत हाती येते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. भामरागडहून आलापल्लीमार्गे चंद्रपूर म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. शिवाय मुलगा तर धावत होता. धावणाऱ्या मुलाला दवाखान्यात कशासाठी न्यायचे, असे घरातील वडीलधारे म्हणत. शेवटी त्यांनी मला उलट एक प्रश्न विचारला : "मुलगा वाढतो, हाड वाढते, मग तुमची ही सळी का वाढत नाही?"

मजजवळ उत्तर नव्हते. तीन वर्षांत सळयांची टोके नव्या हाडाखाली गाडली गेली होती. जी शस्त्रक्रिया थोडक्यात आटोपली असती, ती लांबली. हाड कोरावे लागले, आणि मुलगा पुन्हा काही आठवडे अंथरुणाला खिळला. आमच्या वहीत 'रोपण काढणे' अशी एक ओळ आणि एक रक्कम पडली. त्या कुटुंबाची बुडालेली मजुरी, सोबतीच्या माणसाचे दिवस आणि घरी ठेवलेल्या लहान मुलांची आबाळ यांना वहीत रकाना नाही. पूर्वीच्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा प्रारंभ २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत गडचिरोली होता. हीच योजना पुढे २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. अशा योजनांमुळे शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका झाला, याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. परंतु हुकलेला तेंदूपत्त्याचा हंगाम कोणतीही योजना भरून देत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बसवलेली प्रत्येक पट्टी वा सळई काढावीच लागते, असे नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात पोलाद किंवा टायटॅनियम आयुष्यभर निरुपद्रवी राहू शकते, आणि पुष्कळदा तसेच ठेवले जाते. मुलांमध्ये, टोचत असेल तेव्हा, किंवा जंतुसंसर्ग झाला तर मात्र ते काढावे लागते. म्हणून आजचा प्रश्न सर्व रुग्णांचा नाही. पण ज्यांचा आहे, त्यांच्यासाठी तो लहान नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. विरघळणारा धातू म्हणून सर्वांत अधिक अभ्यास झाला आहे तो मॅग्नेशियमचा. हा धातू शरीराला परका नाही. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक हाडांतच असते. रोजच्या आहारातून आपल्याला तीनशे ते चारशे मिलिग्रॅम लागते. विरघळलेले जादा मॅग्नेशियम निरोगी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. दुसरा गुण असा की, पोलाद हाडापेक्षा फार ताठ असते. ताठपणा मोजण्याच्या एककात पोलाद सुमारे २००, टायटॅनियम सुमारे ११०, मॅग्नेशियम सुमारे ४५, आणि कठीण हाड १५ ते २० च्या आसपास भरते. फार ताठ पट्टी सारा भार स्वतःवर घेते आणि बिनकामाचे हाड कमजोर होते. घरातील कर्त्याने सगळीच कामे आपल्या अंगावर घेतली, तर मुले हाताशी येत नाहीत, तसेच हे आहे. मॅग्नेशियम त्या मानाने हाडाला शोभेल असे वागते.

मग अडले कोठे? अडले ते वेगापाशी.

मॅग्नेशियमला पाणी लागले की त्याचे हायड्रॉक्साइड होते आणि हायड्रोजन वायू सुटतो. हायड्रॉक्साइडचा थर धातूला काही काळ झाकून ठेवू शकला असता. पण आपल्या रक्तात आणि शरीरद्रवात मीठ आहे, आणि मिठातील क्लोराइड तो थर विरघळवून टाकते. धातू पुन्हा उघडा पडतो, पुन्हा झिजतो. एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळले, तर सुमारे एक लिटर हायड्रोजन तयार होतो. तो हळूहळू सुटला, तर रक्त व ऊती त्याला सामावून घेतात. एकदम सुटला, तर कातडीखाली फुगवटा येतो आणि हाडाभोवती पोकळी पडते.

हे वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच कळले होते. १८७८ साली एडवर्ड ह्यूज या डॉक्टरांनी रक्तवाहिन्या बांधण्यासाठी मॅग्नेशियमची तार वापरली. पुढे १९०६ च्या सुमारास बेल्जियममधील विख्यात शल्यचिकित्सक आल्बँ लाँबोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी पक्की केली. आठच दिवसांत पट्टीचा भुगा झाला आणि कातडीखाली वायू साचला. दोन भिन्न धातू खारट द्रवात एकमेकांना लागले की विजेची घटमाला तयार होते आणि त्यांतला दुबळा धातू झपाट्याने खाल्ला जातो. लाँबोत यांनी तो मार्ग सोडला नाही. पुढे निव्वळ मॅग्नेशियम वापरून मुलांच्या अस्थिभंगांत त्यांना व त्यांच्या सहकाऱ्याला बरे परिणाम मिळाले. परंतु त्याच सुमारास न गंजणारे पोलाद आले. ते स्वस्त होते आणि भरवशाचे होते. मॅग्नेशियम मागे पडले ते बहुतांशी पुढच्या शतकापर्यंत.

प्रौढ माणसाच्या पायाचे मोठे हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तेवढा काळ पट्टीने ताकद टिकवायची आहे, आणि त्यानंतर बेताबेताने निघून जायचे आहे. आम्हा हिशेबनीसांच्या भाषेत सांगायचे तर हा घसाऱ्याचा प्रश्न आहे. प्रत्येक यंत्राची किंमत आम्ही दरवर्षी ठरलेल्या दराने कमी करत शून्यावर आणतो. दर फार चढा लावला, तर चालते यंत्र वहीत मेलेले दिसते. फार कमी लावला, तर मोडीत निघालेले यंत्र वहीत जिवंत राहते. हाडातल्या या धातूचा घसारा कोण ठरवतो? दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे धातूत मिसळलेली इतर मूलद्रव्ये, आणि दुसरी म्हणजे त्याच्यावरचा लेप.

लेप ही कल्पना आपल्या घरांना नवी नाही. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ थर आतून फिरवी, आणि तेवढ्याने भांड्याचा स्वभाव बदलून जाई. येथेही तेच करायचे आहे, मात्र एक फरक आहे. कल्हई जितकी टिकेल तितकी चांगली. या लेपाला मात्र ठरल्या वेळी नाहीसे व्हायचे आहे. तो कायमचा टिकला, तर आतला धातू विरघळणारच नाही आणि सारा खटाटोप वाया जाईल.

झाडीपट्टीतील मंडळींना मामा तलावाचे उदाहरण जवळचे वाटेल. पाळ फुटली तर पाणी एकदम सुटून धानाची नासाडी होते. पाणी अडवूनच ठेवले, तर तेच धान उभे वाळते. तलाव उपयोगी ठरतो तो हवे तेव्हा हवे तेवढेच पाणी सोडता येते म्हणून. धातूच्या अंगावरील लेपाकडून हीच अपेक्षा आहे.

या लेपांचे मुख्य प्रकार थोडक्यात सांगतो. पहिल्या प्रकारात बाहेरून काही चढवत नाहीत. धातूच्याच अंगातून कवच उगवतात. तयार स्क्रू क्षारयुक्त द्रावणात बुडवून त्यात काही शे व्होल्ट दाबाची वीज सोडतात. पृष्ठभागावर बारीक ठिणग्या उडतात आणि चिनी मातीसारखा कठीण थर तयार होतो. त्याची जाडी काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत, म्हणजे आपल्या केसाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. तो घट्ट बसतो, पण त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. दुसऱ्या प्रकारात धातू हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवून त्यावर फ्लुओराइडचा पातळ थर आणतात. तिसरा प्रकार कॅल्शियम फॉस्फेटचा. आपल्या हाडाचे खनिज मुळात याच जातीचे असल्यामुळे हाडाच्या पेशी अशा पृष्ठभागावर सहज वस्ती करतात. चौथा प्रकार पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या, शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचा. विरघळणाऱ्या टाक्यांचे धागेही याच कुळातले. पॉलिमरच्या थरात औषधही भरून ठेवता येते. मात्र खालून वायूचे बुडबुडे आले, तर रंगाचे पापुद्रे सुटावेत तसा तो सुटू शकतो. म्हणून अनेक संशोधक दोन थर देतात : खाली ठिणगीने उगवलेले कठीण कवच, आणि त्याची छिद्रे बुजवणारा वरचा पॉलिमर.

ऐकताना हे सोपे वाटते. पण आपल्या डॉक्टरांनी मला एक स्क्रू आणि पेचकस हातात दिला आणि म्हणाले, "हा हाडात पिळताना त्याच्या डोक्यावर काय होते ते पाहा." डोक्यावर ओरखडा उठला होता. पोलादी स्क्रूला त्याने काही होत नाही. लेप दिलेल्या मॅग्नेशियमला मात्र तो ओरखडा महागात पडू शकतो, कारण सारी झीज त्या एका बिंदूवर एकवटते. रंग उडालेल्या पत्र्याला नेमके त्याच जागी भोक पडते, हे पावसाळ्यानंतर आपण दरवर्षी पाहतो. त्याशिवाय लेपाला वाकणे, घासले जाणे, निर्जंतुक करण्याची प्रक्रिया, आणि वापरापूर्वीच्या साठवणीतील ओलावा हे सारे सोसायचे असते. प्रयोगशाळेतील द्रवात जो लेप महिनोन्‌महिने टिकतो, तो चालत्याबोलत्या माणसाच्या पायात तेवढाच टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

लेपाने किती फरक पडतो, याचा चांगला पुरावा हाडापेक्षा हृदयाच्या क्षेत्रात मिळतो, म्हणून तिकडे जरा वळतो. हृदयाची अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवणारी स्टेंट नावाची जाळी मॅग्नेशियमची करून ६३ रुग्णांना बसवण्यात आली होती. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्या जाळीवर लेपही नव्हता आणि औषधही नव्हते. चार महिन्यांच्या आत ती विरघळली, आणि वर्षभरात सुमारे ४५ टक्के रुग्णांवर त्याच जागी पुन्हा उपचार करावे लागले. संशोधक थांबले नाहीत. त्यांनी मिश्रधातू बदलला, जाळीची रचना बदलली, आणि तिच्यावर विरघळणाऱ्या पॉलिमरचा औषधयुक्त लेप दिला. सुधारलेल्या जाळीचे परिणाम पहिलीपेक्षा पुष्कळच चांगले आले आणि २०१६ साली तिला युरोपात मान्यता मिळाली. श्रेय एकट्या लेपाचे नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पण लेपावाचून ते झाले नसते.

त्याच काळातील दुसरी घटनाही सांगितली पाहिजे. संपूर्ण पॉलिमरच्या, विरघळणाऱ्या एका स्टेंटला २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठा गाजावाजा झाला. दीर्घ पाठपुराव्यात त्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण अधिक दिसले, आणि २०१७ साली त्याची विक्री थांबवण्यात आली. पहिल्या वर्षी जे उजळ दिसले, ते पुढच्या वर्षांत तसे राहिले नाही. विरघळणारी वस्तू विरघळून होईपर्यंत तिची परीक्षा पूर्ण होत नाही, हा त्यातला धडा.

हाडांच्या बाबतीतही पाऊल पुढे पडले आहे. जर्मनीत तयार झालेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला २०१३ साली युरोपची मान्यता मिळाली, दक्षिण कोरियात २०१५ साली, आणि अमेरिकेत २०२३ साली घोट्याच्या अस्थिभंगासाठी अशा स्क्रूला परवानगी मिळाली. हे स्क्रू प्रामुख्याने लहान आकाराचे आहेत. त्यांत वेग आवरण्याचे काम मुख्यतः मिश्रधातूवरच सोपवलेले आहे. मांडीच्या हाडासारख्या भार वाहणाऱ्या हाडाला लागणारी मोठी पट्टी किंवा सळई अशी करायची, तर लेपाचा प्रश्न अधिक निगुतीने सुटावा लागेल. म्हणजे आपल्या त्या मुलाला ज्याची गरज होती, नेमके तेच अजून रोजच्या वापरात आलेले नाही.

भारतीय शास्त्रज्ञ यात मागे नाहीत, हे सांगताना आनंद वाटतो. हैदराबादची एआरसीआय ही संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांनी मिळून लोखंड व मँगनीज यांचा शरीरात विरघळणारा मिश्रधातू विकसित केल्याचे २०२० साली जाहीर झाले. हीच श्री चित्रा संस्था, जिच्या स्वदेशी हृदय-झडपेचे पहिले रोपण ६ डिसेंबर १९९० रोजी झाले. लोखंडाचे दुखणे मॅग्नेशियमच्या नेमके उलट आहे. ते शरीरात फारच सावकाश झिजते. वर्षानुवर्षे तसेच राहते. मॅग्नेशियमला लगाम लागतो, तर लोखंडाला टाच मारावी लागते. जस्त या दोघांच्या मधले, म्हणून त्यावरही काम चालू आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज भरून जाणारे ट्रक आपण रोज पाहतो. तोच धातू एखाद्या दिवशी याच तालुक्यातील मुलाचे हाड जुळवून आपणहून निघून जाईल, ही आशा बाळगायला काही हरकत नाही. मात्र आशा आणि खरेदीचा आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आता मूळ प्रश्नाचे उत्तर. आपण हे स्क्रू आज का आणत नाही?

पैसा हे कारण आहे, पण ते मुख्य कारण नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषधयुक्त आणि विरघळणारे स्टेंट एकाच गटात धरून कमाल किंमत सुमारे २९,६०० रुपये ठरवली होती. महाग वस्तू आवाक्यात येऊ शकते, हे आपण पाहिले आहे, आणि आपल्यासारखे दाते पाठीशी असताना मी केवळ किमतीला भ्यायलो नसतो.

मुख्य कारण असे की, विरघळणाऱ्या स्क्रूवर लक्ष ठेवावे लागते. सुरुवातीच्या काही महिन्यांत एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती वायूची काळी कडा दिसू शकते. जाणकार डॉक्टर ती ओळखतात. पण ज्याला पूर्वकल्पना नाही, अशा दूरच्या दवाखान्यातील डॉक्टरांना ती जंतुसंसर्गासारखी वाटू शकते आणि नको ती शस्त्रक्रिया होऊ शकते. उलट, लेप लवकर गेला आणि स्क्रू हाड जुळण्यापूर्वीच खचला, तर तेही वेळेवर एक्स-रे काढला तरच कळेल. येथेच आपला पेच आहे. जो रुग्ण परत येऊ शकत नाही, त्याला या स्क्रूचा सर्वांत अधिक लाभ होईल; आणि त्याच रुग्णाच्या बाबतीत काही बिघडले, तर ते आपल्याला कधी कळणारही नाही. पोलादी सळई तीन वर्षे विसरली, तर शस्त्रक्रिया लांबते. विरघळणारी सळई वेळेआधी विरघळली, तर पाय वाकडा जुळतो. पर्लकोटेच्या पलीकडे राहणाऱ्याचे अंतर हे नव्या वस्तूचा प्रयोग त्याच्यावर करण्याचे निमित्त होऊ नये, यावर विश्वस्त मंडळाचे आणि डॉक्टरांचे एकमत झाले.

तरीही दार बंद केलेले नाही. चार अटी पूर्ण झाल्या की हा विषय पुन्हा मंडळापुढे येईल. पहिली अट : १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांखालील रीतसर परवाना त्या वस्तूला भारतात असावा. दुसरी : ज्या हाडासाठी वापरायची, त्याच हाडावरील रुग्णांचा, धातू पूर्ण विरघळेपर्यंतचा अनुभव प्रसिद्ध झालेला असावा. तिसरी : ती कशी साठवायची आणि लेपाला धक्का न लावता कशी बसवायची, याचे शिक्षण आपल्या डॉक्टरांनी व शस्त्रक्रियागृहातील कर्मचाऱ्यांनी घेतलेले असावे. चौथी अट आपल्या हातातील आहे : रुग्ण घरी गेल्यावर त्याचा एक्स-रे त्याच्या जवळच्या ठिकाणी निघून आपल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचेल, अशी व्यवस्था उभी असावी.

या चौथ्या अटीसाठी मी आज आपल्याकडे मागणे मागतो. ज्या देणगीदारांनी विरघळणाऱ्या स्क्रूसाठी रक्कम देऊ केली होती, त्यांना मी विनंती केली की, ती रक्कम परत येणाऱ्या रुग्णाच्या वाटखर्चासाठी वापरू द्यावी. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला. त्या रकमेतून एक स्वतंत्र निधी सुरू करण्यास मंडळाने मान्यता दिली आहे. सळई वा पट्टी काढण्यासाठी किंवा तपासणीसाठी येणाऱ्या रुग्णाचे व सोबतच्या एका माणसाचे प्रवासभाडे, दोन वेळचे जेवण आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम त्यातून दिली जाईल. परतीची तारीखही यापुढे आमच्या सोयीने न देता, धान घरात आल्यानंतर आणि मोहफुले पडू लागण्यापूर्वीच्या दिवसांत दिली जाईल. रुग्णाबरोबर एक कार्ड जाईल. शरीरात कोणता धातू कोठे आहे आणि तो केव्हा काढायचा, हे त्यावर सोप्या मराठीत आणि चित्रांत असेल. गावातील आशाताईंनाही त्याची प्रत दिली जाईल. उद्या विरघळणारे स्क्रू आले, तर त्यांच्यासाठीही हीच व्यवस्था उपयोगी पडेल. आज खर्च केलेला एकही रुपया वाया जाणार नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना हात जोडून एवढेच सांगतो की, मूल धावू लागले म्हणजे काम संपले, असे समजू नका. दिलेल्या तारखेला येणे जमणार नसेल, तर निरोप पाठवा. आम्ही तारीख बदलू. कोणी रागावणार नाही. पूर्वी जो रागावला होता, तो आज आपल्यासमोर उभा आहे आणि त्याने त्या रागाबद्दल त्या वडिलांची क्षमा मागितली आहे.

त्या गृहस्थांचा प्रश्न अजून माझ्यापाशी आहे. मुलगा वाढतो, तर सळी का वाढत नाही? शास्त्रज्ञ त्याचे उत्तर आपल्या परीने शोधत आहेत : सळी वाढू शकत नसेल, तर निदान तिने वेळेवर वाट सोडावी. ते उत्तर पक्के होईपर्यंत, त्या मुलापर्यंत वेळेवर पोहोचण्याची जबाबदारी सळीची नसून आपली आहे.